३,३२५ जणांच्या यादीतला महाराष्ट्र

१९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारात मारल्या गेलेल्यांच्या वारसांना आणखी पाच-पाच लाख रुपये द्यायचे केंद्र सरकारने २०१४ मध्ये ठरवले. त्या वेळी वर्तमानपत्रांतून सरकारी आकडा पुन्हा छापून आला. देशभरात मृत ३,३२५, त्यांपैकी २,७३३ एकट्या दिल्लीत, बाकीचे उत्तर प्रदेश, हरियाणा, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि इतर राज्यांत. वजाबाकी केली तर दिल्लीबाहेरची ५९२ माणसे उरतात. त्या वाक्यात महाराष्ट्र दोन स्वल्पविरामांमध्ये येतो आणि वाचणारा पुढे जातो. आपल्या राज्यात कोण मेले, कोणत्या तालुक्यात, कोणत्या स्टेशनात, कोणत्या रस्त्यावर, हे विचारायला त्या वाक्यात जागाच ठेवलेली नाही.

हा आढावा त्या जागेबद्दल आहे. चौऱ्याऐंशीची नोंद चाळीस वर्षांत कशी झाली, कोणी केली, तिच्यात काय आले आणि काय निसटले हे पाहिल्याशिवाय नाशिकसारख्या जिल्ह्याने आता काय करायला हवे ते कळणार नाही.

नाशिकच का, असे कोणी विचारील. पंजाब मेल १९१२ पासून मुंबई आणि पंजाब जोडते आहे, आणि ती नाशिक रोड, मनमाडवरून जाते. मनमाड ते नांदेड हा लोहमार्ग ब्रॉडगेज होईपर्यंत, म्हणजे १९९० च्या दशकापर्यंत, पंजाब-दिल्लीकडून नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला निघालेला यात्रेकरू मनमाडला मोठ्या गाडीतून उतरायचा आणि मीटरगेजच्या गाडीत चढायचा. मनमाडच्या गुपतसर साहिब गुरुद्वाऱ्यात त्याच्या लंगरची, मुक्कामाची सोय व्हायची. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे सरदारजींचे ट्रक आणि ढाबे, देवळालीच्या तोफखाना केंद्रातले जवान, सिंहस्थात त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर स्नानाला येणारा निर्मल आखाडा, असा शिखांचा वावर या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या आहे. आणि चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरातला हिंसाचार गल्ल्यांइतकाच रेल्वेगाड्यांतही झाला, ही गोष्ट आपण विसरलो आहोत.

गाड्यांतल्या हिंसेचा एक मोठा साक्षीदार मराठी होता. प्रा. मधू दंडवते राजापूरचे खासदार, आणि १९७७ ते ७९ या काळात देशाचे रेल्वेमंत्री. त्या दिवसांत ते रेल्वेने दिल्लीला येत होते. दिल्लीच्या वेशीवरच्या तुघलकाबाद स्टेशनात दोन शिखांना मारून पेटवून देण्यात आले आणि फलाटावरचे पोलीस काही न करता उभे राहिले, हे त्यांनी पाहिले आणि लगेच सांगितले. नागरिकांच्या पहिल्या अहवालात त्यांचे हे निवेदन आले, पुढे चौकशी आयोगासमोरही आले. ज्या माणसाने या खात्याचा कारभार केला, त्याच्या डोळ्यांदेखत त्याच खात्याच्या फलाटावर हे घडले. दंडवत्यांवर मराठीत भरभरून लिहिले जाते. कोकण रेल्वे, समाजवाद, साधी राहणी, सगळे येते. ही साक्षसुद्धा त्यांच्या चरित्रात तितक्याच ठळकपणे यायला हवी असे मला वाटते.

आता नोंदींकडे वळू. ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी इंदिरा गांधींची त्यांच्याच दोन शीख अंगरक्षकांनी हत्या केली. त्या संध्याकाळपासून शिखांवर हल्ले सुरू झाले आणि पुढचे तीन दिवस दिल्लीच्या त्रिलोकपुरी, सुलतानपुरी, मंगोलपुरी या वस्त्यांत माणसे जिवंत जाळली गेली. त्रिलोकपुरीच्या ३२ नंबरच्या ब्लॉकमध्ये २ नोव्हेंबरला इंडियन एक्स्प्रेसचे राहुल बेदी आणि जोसेफ मलियाकन पोहोचले तेव्हा गल्ल्यांत प्रेते पडली होती. त्यांच्या बातमीमुळे ती वस्ती देशाला कळली. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या दोन संघटनांचे कार्यकर्ते मदत छावण्यांतून आणि वस्त्यांतून फिरले आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, हत्याकांडाला पुरते वीस दिवसही झाले नव्हते तेव्हा, त्यांनी अहवाल छापला. दोषी कोण, हा प्रश्नच त्याचे शीर्षक होते. वाचलेल्या माणसांनी ज्या राजकीय पुढाऱ्यांची आणि पोलीस अधिकाऱ्यांची नावे घेतली, ती त्यात जशीच्या तशी दिली होती. पाठोपाठ न्या. वि. म. तारकुंडे यांच्या पुढाकाराने सिटिझन्स फॉर डेमोक्रसीचा अहवाल आला. सासवडचे तारकुंडे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. म्हणजे इथेही एक मराठी माणूस होता.

त्या पहिल्या महिन्यातल्या कामाचे मोल पुढे चाळीस वर्षांत कोणालाच गाठता आले नाही. छावणीतली बाई तेव्हा बोलली, कारण समोर बसलेली माणसे तिला घाबरवायला आलेली नव्हती. उमा चक्रवर्ती आणि नंदिता हक्सर यांनी नंतर कितीतरी माणसांशी सविस्तर बोलून १९८७ मध्ये पुस्तक केले. त्यात मेलेल्यांची मोजदाद दुय्यम आहे. जगलेल्यांचे बोलणे आहे, मदत करायला गेलेल्या शेजाऱ्यांचे आहे, दिल्लीत पहिल्यांदाच अशा कामाला घराबाहेर पडलेल्या मुलामुलींचे आहे. स्त्रियांवर झालेले अत्याचार मात्र अधिकृत कागदांत फार कमी उतरले. नवरा, मुलगा, दीर यांची नावे प्रतिज्ञापत्रात यायची. स्वतःवर ओढवलेले सांगायला त्या कागदात रकानाच नव्हता, आणि सांगितले तर वस्तीत राहायचे कसे हा प्रश्न होता. या नोंदींतली सगळ्यांत खोल भेग हीच आहे.

सरकारी चौकश्यांची कथा लांब आहे. पोलिसांच्या वागणुकीची चौकशी वेद मारवा यांच्याकडे दिली आणि अर्ध्यावर थांबवली. मग न्या. रंगनाथ मिश्र आयोग आला. त्याने सुनावणी बंद दाराआड घेतली. पीडितांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सिटिझन्स जस्टिस कमिटीने, ज्यात माजी सरन्यायाधीश सिक्री आणि तारकुंडे होते, वकील हरविंदरसिंग फुलका धावपळ करत होते, शेवटी त्या कामकाजातून अंग काढून घेतले. मृतांचा आकडासुद्धा झगडून वाढवावा लागला. मिश्र आयोगासमोर दिल्लीसाठी पोलिसांनी २,३०७ सांगितले, आहुजा समितीने १९८७ मध्ये तो २,७३३ वर नेला, आणि पीडितांच्या समितीने नावानिशी दिलेल्या यादीत ३,८७० जण होते. या तीन आकड्यांमधले अंतर म्हणजे ज्यांच्या मरणाला कागद मिळाला नाही अशी शेकडो माणसे. पुढे कपूर-मित्तल समितीने ७२ पोलीस अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला. आणखी समित्या झाल्या. २००० मध्ये न्या. नानावटी आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल ऑगस्ट २००५ मध्ये संसदेत आला, आणि त्याच महिन्यात पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी राज्यसभेत शीख समाजाची आणि सगळ्या देशाची माफी मागितली.

समित्यांच्या गर्दीत मूळ दुखणे झाकले जाते. ते दुखणे पोलीस ठाण्यातल्या पहिल्या कागदात होते. दिल्लीत ५८७ एफआयआर नोंदले गेले. हजारो हत्या, आणि गुन्हे एवढेच, कारण एका वस्तीतले सगळे खून, जाळपोळ, लूट एकाच एफआयआरमध्ये कोंबण्यात आली. त्यात आरोपी कोण, तर जमाव. वेळ कोणती, तर दिवसभर. अशा कागदावर खटला उभा राहत नाही. २४१ प्रकरणे तपास लागत नाही म्हणून बंद झाली. त्रिलोकपुरीच्या एका खटल्यात पंचाण्णव प्रेते सापडली होती आणि आरोप दंगल व जाळपोळीचा होता, खुनाचा नव्हता. त्या खटल्यातल्या आरोपींची शिक्षा दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये कायम केली. त्याच वर्षी १७ डिसेंबरला न्या. एस. मुरलीधर आणि न्या. विनोद गोयल यांनी राजनगरमधल्या पाच हत्यांसाठी माजी खासदार सज्जन कुमार यांना जन्मठेप दिली. त्या निकालात त्यांनी लिहिले की मानवतेविरुद्धचा गुन्हा आणि वंशसंहार यांसाठी आपल्या देशाच्या कायद्यात स्वतंत्र तरतूदच नाही, आणि मोठी माणसे सुटत राहतात त्याचे ते एक कारण आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरस्वती विहारमधल्या बापलेकांच्या हत्येबद्दल सज्जन कुमार यांना दुसरी जन्मठेप झाली. हे दोन्ही निकाल उभे राहिले ते चार दशके आपले म्हणणे न बदललेल्या काही स्त्रियांच्या साक्षीवर. त्यांच्या घराला या काळात काय सोसावे लागले असेल, याची कल्पना कोर्टाच्या कागदावरून करता येत नाही.

शीख समाजाची स्वतःची आठवण ठेवण्याची रीत या सगळ्याहून जुनी आहे. रोजच्या अरदासीत शहिदांचे स्मरण असते. १७४६ चा छोटा घल्लूघारा (म्हणजे कत्तल) आणि १७६२ चा मोठा घल्लूघारा, ज्यात अब्दालीच्या फौजेने हजारो शीख कापले, आजही त्या समाजात लहान मुलांना माहीत असतो. चौऱ्याऐंशी या परंपरेत जाऊन बसले. दिल्लीच्या टिळक विहारमध्ये विधवांची वसाहत आहे, तिथल्या गुरुद्वाऱ्यात मारल्या गेलेल्यांचे फोटो भिंतीवर आहेत. त्यांतले कितीतरी पासपोर्ट आकाराच्या फोटोवरून मोठे केलेले आहेत, कारण घर जळल्यावर तेवढेच हाती राहिले. रकाबगंज गुरुद्वाऱ्याच्या आवारात जानेवारी २०१७ मध्ये सच दी दीवार उभी राहिली. तिच्यावर नावे कोरली आहेत. गौरी गिल यांच्या छायाचित्रांनी, शोनाली बोस यांच्या २००५ च्या ‘अमू’ चित्रपटाने, संजय सुरी आणि जर्नेल सिंग या पत्रकारांच्या पुस्तकांनी हे काम पुढे नेले.

तरी हे सगळे मुख्यतः दिल्लीचे आहे. राजधानीत वर्तमानपत्रे होती, विद्यापीठे होती, वकील होते, दूतावास होते. त्या ५९२ माणसांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. हरियाणाच्या रेवाडी जिल्ह्यातल्या होंद-चिल्लरचे उदाहरण घ्या. २ नोव्हेंबर १९८४ ला त्या वस्तीतल्या ३२ शिखांना मारण्यात आले. वाचलेले रातोरात निघून गेले आणि परत आले नाहीत. पोलीस ठाण्यात एफआयआर होता, पडकी घरे होती, आजूबाजूच्या गावांना सगळे ठाऊक होते, आणि तरीही देशाला ही वस्ती कळायला जानेवारी २०११ उजाडले. गुडगावला नोकरी करणाऱ्या एका पंजाबी इंजिनिअरने कुठेतरी उल्लेख ऐकला आणि तो तिथे गेला, म्हणून कळले. मग हरियाणा सरकारने न्या. टी. पी. गर्ग आयोग नेमला. दिल्लीपासून काही तासांच्या अंतरावर हे सव्वीस वर्षे झाकून राहिले. कानपूरमध्ये शंभराहून जास्त माणसे मेली. तिथे विशेष तपास पथक नेमायला २०१९ आले.

दिल्लीबाहेरची नोंद कशी करावी याचा सर्वांत मोठा धडा पंजाबातल्या एका बँक कर्मचाऱ्याने घालून दिला. जसवंतसिंग खालडा हे त्याचे नाव. दहशतवादाच्या काळात पोलिसांनी उचललेली तरुण मुले गेली कुठे, याचा शोध घेताना ते आयोगाकडे गेले नाहीत, नगरपालिकेच्या स्मशानात गेले. बेवारस म्हणून जाळलेल्या प्रेतांसाठी सरपण दिल्याच्या नोंदी तिथल्या वह्यांत होत्या. कारकुनांनी आपापल्या नियमाप्रमाणे लिहिलेल्या त्या कोरड्या ओळींतून अमृतसर जिल्ह्यातले गुप्त अंत्यसंस्कार बाहेर आले. सप्टेंबर १९९५ मध्ये खालडांचे अपहरण झाले आणि त्यांना मारले गेले. पुढे त्यासाठी पोलिसांना शिक्षा झाली. पण वह्या उरल्या. सीबीआयने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की अमृतसर जिल्ह्यातल्या तीन स्मशानांत २,०९७ असे अंत्यसंस्कार झाले होते. मोठ्या कार्यालयांनी जे दडवले ते सरपणाच्या हिशेबाने सांगितले.

हे मराठी वाचकाला परके वाटू नये. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्यांच्या पुड्यांतून कागद वाचवले आणि १८९८ मध्ये पहिला खंड काढला तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. पानिपतावर मेलेल्यांची नावे, त्यांच्या गावांची, घरांची आठवण आपण दोनशे साठ वर्षे जपली, ती या कागदांच्या जोरावर. दप्तर सांभाळण्याचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला आपल्या मुलखात १९८४ मध्ये मेलेल्या शिखांची यादी तालुकावार करता येणार नाही, हे मी मानायला तयार नाही.

मात्र आपल्या विस्मरणाची एक जुनी सवयही इथे सांगितली पाहिजे. ३० जानेवारी १९४८ ला महात्मा गांधींची हत्या झाल्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः सातारा, सांगली, कोल्हापूर भागात, मारेकरी ज्या जातीचा त्या जातीच्या घरांना आगी लावल्या गेल्या. कोल्हापूरचा भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. मुंबईत दगडफेकीत जखमी झालेले नारायणराव सावरकर पुढच्या वर्षी वारले. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’ लिहिली, घराघरांत आठवणी कुजबुजल्या गेल्या, पण गावोगाव नेमके काय झाले याचा सार्वजनिक हिशेब मांडला गेला नाही. त्यावर मन लावून संशोधन केले ते मॉरीन पॅटरसन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी, आणि त्यांनाही पोलिसांच्या फायली पाहायला मिळाल्या नाहीत. १९४८ आणि १९८४ यांची तराजूत तुलना करू नये; दिल्लीतली मनुष्यहानी, तिच्यामागची आखणी आणि पोलिसांचा सहभाग फार वेगळ्या पातळीवरचा होता. पण एका माणसाच्या गुन्ह्याची शिक्षा त्याच्या सगळ्या समाजाला द्यायची, आणि नंतर सर्वांनीच गप्प बसायचे, हा नमुना आपण आधी आपल्या घरात पाहिला होता. तो ओळखीचा असूनही आपण चौऱ्याऐंशीला फक्त दिल्लीची दंगल म्हणून बाजूला ठेवले.

चांगल्या नोंदीचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलींवर न्या. बी. एन. श्रीकृष्ण आयोगाने १६ फेब्रुवारी १९९८ ला अहवाल दिला. सुनावणी उघड झाली, पोलिसांची, पुढाऱ्यांची उलटतपासणी झाली. मृत ९००, त्यांत ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू, अशी मोजणी त्यात आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे घटनांची मांडणी पोलीस ठाण्यानिहाय आहे. डोंगरीत काय झाले, निर्मलनगरमध्ये काय झाले, कोणता अधिकारी कुठे होता, हे शोधायला बसले की सापडते. त्यावर कारवाई पुरेशी झाली नाही हे खरे आणि लाजिरवाणे आहे, पण उद्याच्या अभ्यासकाला निदान पाय ठेवायला जमीन आहे. चौऱ्याऐंशीच्या बाबतीत महाराष्ट्रासाठी असे एक पानसुद्धा हाती असते तर २०१४ च्या त्या वाक्यात आपले राज्य नुसते नावाने आले नसते.

नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे तर काम कुठे करायचे ते स्पष्ट आहे. मनमाड आणि नाशिक रोड लोहमार्ग पोलिसांच्या ठाणे दैनंदिन्या, ३१ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर १९८४. मनमाड नगरपालिकेच्या आणि महामार्गालगतच्या गावांच्या मृत्युनोंदी आणि स्मशानाच्या वह्या. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या मदतीच्या फायली. जानेवारी २००६ च्या केंद्राच्या पॅकेजमध्ये मृताच्या वारसाला साडेतीन लाख आणि जखमीला सव्वा लाख ठरले होते, आणि त्याचे अर्ज, पडताळणी, नकार हे सगळे राज्यांच्या यंत्रणेतूनच जायचे होते. नकाराचे कागद तर आधी पाहावेत, कारण ज्याला पुरावा देता आला नाही तो माणूस फक्त तिथेच भेटेल. ‘गावकरी’ आणि ‘देशदूत’चे त्या पंधरवड्याचे अंक. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून या शहरात आहे. गोळा झालेले सगळे एका ठिकाणी ठेवायला त्याहून योग्य जागा मला दिसत नाही. मनमाड आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्यांतल्या वडीलधाऱ्यांशी, ट्रकवाल्यांशी, त्या वेळच्या तिकीट तपासनिसांशी, हमालांशी, गार्डांशी बोलून ध्वनिमुद्रण करावे. तेव्हा पंचविशीत असलेला कर्मचारी आज पासष्टीच्या पुढे आहे.

यात वाचवल्याच्या हकिगतीही नोंदवाव्यात. डब्यात कोणी लपवले, कोणी आपल्या घरी ठेवून घेतले, कोणत्या स्टेशनमास्तरने गाडी थांबवली किंवा थांबू दिली नाही, कोणत्या फौजदाराने वेळेवर माणसे उभी केली. एखाद्या ठिकाणी जमाव आला आणि परत गेला असेल, तर तो का परत गेला हे कळणे पुढच्या प्रसंगासाठी मृतांच्या मोजणीइतकेच उपयोगी आहे. मात्र वाचवणाऱ्यांच्या गोष्टी मारलेल्यांच्या यादीवर पांघरूण म्हणून वापरायच्या नाहीत. आधी यादी, नावानिशी, मग बाकीचे.

एप्रिल २०१५ मध्ये पंजाबातल्या घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. सदानंद मोरे अध्यक्ष होते. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि ज्या मातीत ते राहिले तिथे मराठी माणसे खास गाड्यांनी गेली, पंजाबी लोकांनी त्यांना लंगरात जेवू घातले. दोन समाजांचे नाते इतके जिव्हाळ्याचे आहे, तर त्या नात्यात दुःखाची चौकशीही यायला हवी. चौऱ्याऐंशीत आमच्याकडे तुमचे कोण गेले, हा प्रश्न महाराष्ट्राने नांदेडच्या, मनमाडच्या, मुंबईच्या शिखांना अजून मोठ्याने विचारलेला नाही.

घाईचे एक कारण अगदी कार्यालयीन आहे. आपल्याकडच्या सरकारी दप्तराच्या वर्गवारीत ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे असतात, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे, त्याखालचे त्याहून कमी. १९८४ ची तीस वर्षे २०१४ मध्येच संपली. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ लागू असल्याने काय ठेवायचे आणि काय नष्ट करायचे हे कोणत्याही कार्यालयाला मनमानीने ठरवता येत नाही, त्याची नोंद ठेवावी लागते. म्हणून पहिला अर्ज माहिती अधिकारात टाकायचा तो कागद मागण्यासाठी नव्हे. लोहमार्ग पोलीस आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांच्या अभिलेख कक्षातून १९८४ सालची कोणती दप्तरे शिल्लक आहेत, कोणती नष्ट केली, कोणाच्या आदेशाने आणि कोणत्या तारखेला, याची यादी मागायची.